कावेरीअक्कांचे बारा शब्द

कावेरीअक्कांची नि माझी ओळख एका बोटानं झाली. मी त्यांच्या खोलीचं दार ढकलून आत शिरले, तसं माझ्याकडे न बघताच त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं आणि मी जिथल्या तिथं थबकले. समोरच्या खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसली होती. पंख्याची घरघर सोडली तर खोलीत आवाज नव्हता. मला रक्ताच्या नळ्यांचा डबा हवा होता. रक्त काढल्यावर ते ठरावीक वेळेत यंत्रात फिरवलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, आणि तो डबा माझ्यापासून चार पावलांवर, अक्कांच्या मागच्या टेबलावर होता. बोट काही खाली येईना. शेवटी मी पुटपुटले, "काय कटकट आहे!"

बाईंनी डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली. अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "सरी," म्हणजे ठीक. कागदावर काहीतरी लिहिलं, बाईंना दारापर्यंत सोडलं, आणि मग माझ्याकडे वळून खणखणीत मराठीत विचारलं, "कटकट काय म्हणून? ती कावळा शोधत होती. तू दार वाजवलीस, उडून गेला की."

बेंगळुरूत येऊन मला सहा महिने झाले होते. घरी नवऱ्याशी अर्धं इंग्रजी, लॅबमध्ये हिंदी, रिक्षावाल्याशी हातवारे. मराठीत मला इतक्या दिवसांत कुणी रागावलं नव्हतं. कावळ्याचा अर्थ कळायच्या आधीच मला भरून आलं. मी म्हटलं, "तुम्ही महाराष्ट्रातल्या?"

"मी हिथलीच. आमचे लोक घोड्यावरून आले, तू विमानातून आलीस. एवढाच फरक."

मी सांगलीची, हे मी त्यांना किमान वीस वेळा सांगितलं असेल. त्यांच्या लेखी बेळगावच्या पलीकडे सगळं पुणं होतं. मी शेवटपर्यंत ‘पुण्याची’च राहिले. त्यांच्या ओळखपत्रावर ‘के. कावेरीबाई’ असं होतं, पण डॉक्टर मॅडमपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी मूर्ती, इस्त्रीची सुती साडी, गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. मी आधी समजले होते, काहीतरी देवाधर्माचं असेल.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर कावळ्याचा उलगडा व्हायचा नाही. एचआयव्ही असलेली माणसं आता गोळ्या वेळेवर घेऊन चांगली म्हातारी होतात. रक्तात विषाणू शोधून सापडत नाही. पण त्यांतल्या काहींचं चाळिशी-पन्नाशीत स्मरण पातळ होऊ लागतं. बोटं मंदावतात, बोलताना धागा सुटतो, गॅसवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नाही. हे का होतं, आणि वरून दिसायच्या आधी ते रक्तात वाचता येईल का, हा आमचा प्रकल्प. मज्जातंतू झिजायला लागले की त्यांतली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. ती मोजायची, हे माझं काम. माणूस खुर्चीत बसवून त्याला काय आठवतं नि काय नाही हे लिहायचं, ते अक्कांचं. मी नळ्या बघायचे, अक्का माणसं बघायच्या.

त्यांची मुख्य चाचणी बारा शब्दांची. कन्नडमधले साधे, घरातले, अंगणातले शब्द. अक्की, किटकी, कागे. म्हणजे तांदूळ, खिडकी, कावळा. एका सेकंदाला एक, अशा चालीनं बारा शब्द वाचायचे आणि समोरच्याला म्हणायला सांगायचं. असं तीनदा. मग वीस मिनिटं दुसरंच काहीतरी करायला द्यायचं, छोट्या खुंट्या एका पाटीतल्या भोकांत बसवायच्या, आकृत्या जुळवायच्या. आणि वीस मिनिटं संपली की काही न सुचवता विचारायचं, मघाचे शब्द सांगा.

एवढंच. पण अक्का ते वाचायला लागल्या की मी डबा घ्यायला आलेली दारातच रेंगाळायचे. आवाजात चढ नाही, उतार नाही, कुठल्या शब्दाला लाड नाही. टेबलाखाली पायाचा अंगठा चपलेत हलकेच ठोका देत असायचा, त्याच्यावर शब्द एकेक करून खोलीत यायचे. खोली हॉस्पिटलच्या मागच्या जुन्या इमारतीत होती. खिडकीला लागून पर्जन्यवृक्षाची फांदी. दुपारी पानांतून गाळलेलं ऊन टेबलावर हलत असायचं, आणि ती मधली वीस मिनिटं खोलीत अशी पसरायची की बाहेरच्या रहदारीचा आवाजही लांब कुठेतरी समुद्र असावा तसा वाटायचा. खुंट्या बसवता बसवता माणसं गुंगायची. आणि त्या वेळी बारा शब्द त्यांच्या आत कुठेतरी असायचे, किंवा नसायचे. मला तेव्हा वाटायचं, माझ्या उणे ऐंशी अंशांच्या थंड कपाटात नळ्या ठेवलेल्या आहेत तशी ही शब्द ठेवायची जागा आहे, फक्त हिचं दार कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

चाचणी चालू असताना अक्कांचा चेहरा म्हणजे सारवलेली भिंत. शाबासकी नाही, हळहळ नाही. माणसं त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघायची, बरोबर आलं का? अक्का सगळ्याला एकच म्हणायच्या, "सरी." बारा आले तरी सरी, दोन आले तरी सरी. कुणी "मर्तोय्तु" म्हणालं, म्हणजे विसरलं, की त्या म्हणायच्या, "विसरलात तर विसरलो म्हणून सांगा. तेही मला लिहायचं असतं." हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की विसरणाऱ्यालाही आपण काहीतरी दिल्यासारखं वाटायचं.

एकदा काम नव्हतं तेव्हा मी हौसेनं त्यांच्या खुर्चीत बसले. माझ्याजवळ डॉक्टरेट, शाळेत पाठांतराची बक्षिसं, वगैरे. अक्कांनी मराठी शब्द घेऊन यादी केली, वाचली, वीस मिनिटं मला खुंट्यांना जुंपलं, आणि विचारलं. मी सात शब्द सांगितले आणि पुढे आत नुसतं पांढरं दिसायला लागलं. "अक्का, किती बरोबर?" "सरी." "सरी म्हणजे? सात कमी आहेत का?" "सरी म्हणजे झालं." पुढचे आठ दिवस मी किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवून बघत होते. शेवटी काकुळतीला येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "आता कळलं का तुला, ती माणसं माझ्या तोंडाकडे का बघतात म्हणून?"

त्यांची इडलीची गोष्ट तर त्या इमारतीत सगळ्यांना पाठ होती. रक्त उपाशीपोटी घ्यायचं असे, आणि लगेच माणसाला अक्कांकडे पाठवत. कुणी शहराबाहेरच्या आनेकलहून बसमध्ये उभं राहून आलेलं, कुणी पहाटे उठून. अक्कांनी प्रकल्प चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना सांगितलं, खाऊ घातल्याशिवाय मी परीक्षा घेणार नाही. "रिकाम्या पोटाला भूक आठवते, दुसरं काय आठवणार?" वरून परवानगी यायला वेळ लागत होता. अक्कांनी वाट बघितली नाही. घरून डबाभर इडल्या आणायला लागल्या, आणि फॉर्मवर ‘उशिराचे कारण’ असा रकाना होता त्यात प्रामाणिकपणे लिहायला लागल्या, ‘इडली’. बाहेरून तपासणीला आलेल्या एका गंभीर गृहस्थांनी कितीतरी फॉर्म चाळून विचारलं की ही ‘इडली’ नावाची कोणती गुंतागुंत आहे. मॅडम हसू दाबून खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यानंतर खाणं नियमात आलं.

आता आनेकलच्या सात जणींकडे येते. यांतली नावं मी बदलली आहेत.

त्या सातही जणी एकाच कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणाऱ्या. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या दिवशी एकाच बसनं यायच्या, एकाच बाकावर ओळीनं बसायच्या. त्यांची पुढारी सरोजा, बडबडी, तोंडानं फटकळ. तिच्याजवळ कायम चिकटून रत्नम्मा, पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची, सगळ्यांकडे बघून हसणारी. रत्नम्माला तिघं-चौघं भेटली तरी ती प्रत्येकाला जेवलात का विचारायची, आणि कधी कधी त्याच माणसाला पुन्हा विचारायची. आम्हाला तो मायाळूपणा वाटायचा.

एका तिमाहीला आकडे एकत्र करून माझ्याकडे आले. नावं नसतात, फक्त क्रमांक. मी आलेख काढला. आडव्या रेषेवर रक्तातलं ते झिजेचं प्रथिन, उभ्या रेषेवर आठवलेले शब्द. प्रथिन जास्त तर शब्द कमी, हे सगळीकडे अपेक्षेप्रमाणे होतं. पण वर उजव्या कोपऱ्यात सात ठिपके वेगळेच उभे होते. प्रथिन भरपूर, आणि शब्द अकरा, बारा, बारा. क्रमांकावरून कळत होतं की सातही आनेकलचे. मी त्या ठिपक्यांकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. म्हणजे झीज होत असूनही या बायकांचा मेंदू शाबूत होता! त्यांच्यात असं काहीतरी होतं जे बाकीच्यांत नव्हतं. मी त्या गटाचं मनातल्या मनात नाव ठेवलं, आनेकलचं नक्षत्र. परिषदेला पाठवायचा मजकूर लिहायला घेतला. सर्जापूर रोडच्या गर्दीत गाडीत बसले असताना मला स्वतःच्या नावापुढे छापलेली वाक्यं दिसायची. खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

तो आलेख मी अक्कांना दाखवला. दाखवायला नको होता, पण आनंद दाखवल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यात टोकाच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हटलं, "ही बघा. रक्तात सगळ्यांपेक्षा जास्त, आणि शब्द बाराच्या बारा."

अक्कांनी क्रमांक वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा वाचला. "रक्त खोटं बोलतं का ग?"

"नाही. मी दोनदा तपासलंय."

"ही बाई मागल्या वेळेला माझ्या चपला घालून गेली," अक्का म्हणाल्या. "आणि परवा दुसरीच्या." आणि आलेख माझ्या हातात देऊन त्या खोलीत निघून गेल्या. मी काही फारसं मनावर घेतलं नाही. चपला काय, कुणाच्याही बदलतात.

पुढच्या तिमाहीच्या दिवशी अक्का सकाळी लवकर उठून उलट्या दिशेनं आनेकलला गेल्या आणि तिथून त्याच बसमध्ये त्या सात जणींच्या मागे येऊन बसल्या. दुपारी त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या सीटवर सरोजा एकेक बोट मोडत म्हणत होती, अक्की, किटकी, कागे. आणि बाकीच्या सहा जणी तिच्या मागून, अगदी अक्कांच्या चालीत, एका सेकंदाला एक. रत्नम्मा खिडकीशी बसून सरोजाचं बोट धरून म्हणत होती. कागेनंतर अडली की सरोजा तिचं बोट दाबायची. आमच्या यादीचे दोनच प्रकार तयार होते आणि तेच आलटून पालटून वापरले जात होते. त्या बायकांनी दोन्ही केव्हाच घरी नेले होते. कारखान्यात मशीनवर, विहिरीवर, रविवारी एकमेकींच्या वेण्या घालताना त्यांनी चोवीस शब्द घोकले होते.

अक्का दिसल्यावर घोकणं थांबलं. मग सरोजाच म्हणाली, "असं काय बघताय अक्का? तुम्हीच तर शिकवलंत." आणि मग खरं कारण सांगितलं. हॉस्पिटलवाले परीक्षा घेतात, नापास झालं की डोकं गेलं म्हणून कागदावर लिहितात, तो कागद कारखान्यात जातो, मग मशीन जातं, आणि पुढे गोळ्याही बंद करतात. असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. आम्ही तर सहीच्या कागदावर याच्या नेमकं उलट लिहून दिलं होतं. पण त्या कागदावर विश्वास ठेवायला त्यांना आयुष्यानं काही कारण दिलेलं नव्हतं.

"म्हणजे हे अत्ता कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"दोन खेपा मागंच कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "वाचल्यावर लगेच म्हणताना खरं आठवणारा माणूस शेवटचे शब्द आधी सांगतो, मग पहिले, मग मधले कुठूनकुठून. ह्या सगळ्या पहिल्यापासून सरळ ओळीत सांगायच्या. पाठ केलेल्या माणसागत. मला कळत होतं आणि मी लिहीत होती. मला बरं वाटत होतं ग. इतकी वर्षं माणसं माझ्या समोर हरताना बघितली. वाटलं, ह्या जिंकू देत."

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते. दोन तिमाह्या तुम्ही गप्प बसलात. तुमच्यामुळे माझं नाव जाणार. परिषदेचा मजकूर पाठवून झालाय. पस्तिशीतली पोर मी, त्यांच्या मुलीच्या वयाची, त्यांच्याच खोलीत उभी राहून तावातावानं बोलत होते, आणि त्या ऐकून घेत होत्या. मग मी त्याहून वाईट बोलले. म्हटलं, "निदान तो टोकाचा ठिपका तरी काढून टाकू. बाकीचं बघता येईल."

"ठिपका काढलीस की बाई कुठं जाणार?" अक्का म्हणाल्या. "पुण्याची, तूच तर म्हणालीस, रक्त खोटं बोलत नाही. तिला काहीतरी होतंय. माझ्या कागदावर ती बारा आहे. बारा असलेल्या बाईला कोण डॉक्टर बघणार?"

आणि त्या तशाच उठून मॅडमच्या खोलीत गेल्या. स्वतःच्या हातानं लिहून दिलं की मला संशय आला होता आणि मी कळवलं नाही.

पुढचं सगळं नियमानं झालं. आनेकलचे शब्दांचे आकडे रद्द झाले, माझा मजकूर मागे घेतला, यादीचे नवे प्रकार तयार करायचं ठरलं. अक्कांच्या बाबतीत मॅडमनी पुष्कळ सांभाळून घेतलं, तरी चाचण्या त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलंच. मात्र अक्कांनी एक मागून घेतलं. त्या टोकाच्या ठिपक्याची, म्हणजे रत्नम्माची, नव्या यादीची चाचणी मी घेईन, तेवढी एक, मग खोलीची किल्ली देते.

पण रत्नम्मा यायलाच तयार नव्हती. सरोजाही आडवी. अक्का लागोपाठ चार रविवार आनेकलला गेल्या. पहिल्या तिन्ही वेळा नुसत्या बसून, चहा पिऊन आल्या. चौथ्या रविवारी त्यांनी स्टॉपवॉच काढून सरोजाच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, तू वाच, मी सांगते. सरोजानं सुचतील ते बारा शब्द केले. भाकरी, सासू, बॉबिन, म्हैस. वीस मिनिटं सगळ्या जणींनी मिळून अक्कांना शेंगा सोलायला लावल्या. आणि मग अक्कांना सहाच आठवले! सासू सुद्धा विसरल्या. बायका हसून हसून लोळल्या. सरोजा अक्कांच्याच थाटात, तोंड भिंतीसारखं करून म्हणाली, "सरी." हे सांगताना अक्का स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. रत्नम्मा त्या दिवशी म्हणाली, सहा आले तरी तुम्हाला कुणी काही केलं नाही. मग मीही येते.

ती चाचणी मी दारातून बघितली. डबा न्यायला आले होते, पण या वेळी बोट वर व्हायच्या आधीच थांबले. खिडकीबाहेर झाडाला गुलाबी तुरे आले होते आणि त्यांचा रंग टेबलावरच्या उन्हात उतरला होता. अक्कांनी शब्द वाचले. वीस मिनिटं गेली. रत्नम्मा हातातली खुंटी तशीच धरून, हसऱ्या चेहऱ्यानं, कुठल्याशा लांबच्या रस्त्यानं चालल्यासारखी बसली होती. एक शब्द आला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा. मग ती शांतपणे म्हणाली, "मर्तोय्तु, अक्का."

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि तीन लिहिले. मी मात्र डबा न घेताच बाहेर आले.

तीन लिहिलेल्या बाईला डॉक्टरांनी बघितलं. घरचा गोळ्यांचा डबा आणायला सांगितला तेव्हा कळलं की गोळ्या काही दिवस दोनदा घेतल्या जात होत्या आणि काही दिवस एकदाही नाही. एक गोळी डोकं जड करणारी होती, ती बदलली. रक्तात एक जीवनसत्त्व फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. कारखान्यात कुठलाही कागद गेला नाही. रत्नम्मा मशीनवर बसत राहिली, तिच्या हातांना शिवण येत होती. सगळं परत येईल असं कुणी म्हणालं नाही. पण घसरण थांबली, असं डॉक्टर म्हणत.

अक्का नोंदणीच्या खिडकीवर बसायला लागल्या. येणाऱ्याचं नाव, गाव लिहायचं, टोकन द्यायचं. जाता-येता मी थांबायचे, पण त्या दिवशी बोललेलं परत घ्यायचं कसं ते मला जमलं नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू. अक्कांनी मात्र कधी जाणवू दिलं नाही. खिडकीतून हाक मारायच्या, "पुण्याची, जेवलीस का?"

वर्षभरानं मला हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी अक्का रजेवर होत्या. कुणीतरी सांगितलं, महिन्यातून एका शनिवारी त्या रत्नम्माच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून द्यायला आनेकलला जातात. मी मॅडमना विचारलं, अक्कांना फोन केला. त्यांनी रत्नम्माला विचारून हो म्हणून सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बसमध्ये बसले. माफी मागायची, एवढंच ठरवलेलं होतं. वाक्यं जुळवत होते. बाहेर नाचणीची शेतं, मधेच एखादा कारखाना, पुन्हा शेतं. ऊन इतकं मऊ होतं की मला दोनदा डुलकी लागली आणि दोन्ही वेळा वाक्यं पुसली गेली.

एका खोलीच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. मधे डबी, सात कप्प्यांची. रत्नम्मा एकेक गोळी टाकत होती आणि अक्का नुसत्या बघत होत्या. मला बघून रत्नम्मा गोड हसली, सरकून जागा केली, आणि अक्कांना विचारलं, "यारु इवरु?" या कोण?

अक्का म्हणाल्या, "आमच्या लॅबमधली. तुझं रक्त बघून हिनंच सांगितलं, तुला बरं नाही म्हणून. हिच्यामुळे कळलं."

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात रत्नम्मानं माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांना लावले, आणि कन्नडमधून कितीतरी वेळ काहीतरी बोलली. मला निम्मं कळलं. तुझी मुलंबाळं सुखी राहोत, एवढं नक्की कळलं. मी अक्कांकडे बघितलं. त्या गोळ्या मोजत होत्या.

चहा आला. चहा पिता पिता रत्नम्मानं पुन्हा विचारलं, या कोण. अक्कांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं वळून, तेच सांगितलं, त्याच आवाजात, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. रत्नम्मानं चहा खाली ठेवला आणि पुन्हा माझे हात डोळ्यांना लावले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी घाईघाईनं म्हटलं, "अक्का, असं सांगू नका, खरं ते सांगा. मी तर ठिपका काढून टाका म्हणत होते."

"रक्त तूच बघितलीस की," अक्का म्हणाल्या. "मी कुठं बघितली होती?" आणि रत्नम्माकडे वळून त्यांनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

बसची वेळ झाली. दोघी मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. बस लागली, मी चढले, खिडकीशी बसले. खाली अक्का, आणि त्यांच्या खांद्याला टेकून रत्नम्मा. बस हलायच्या आधी रत्नम्मानं वर माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि अक्कांना काहीतरी विचारलं. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. अक्का तिच्याकडे पुरत्या वळल्या आणि बोलायला लागल्या. रत्नम्माचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही हात उंच करून खिडकीच्या गजांतून माझे हात पकडले, आणि बस सुटेपर्यंत सोडले नाहीत.